सूर्य मावळेपर्यंत रॉक, आणि मग घरी

कंटेंट रायटर म्हणजे मी दिवसभर नेमकं काय करते, हे माझ्या आईला अजून पुरतं समजलेलं नाही. शेजारच्या काकूंना ती सांगते, "कॉम्प्युटरवर लिहिते, पण लेखिका नाही." यात खोटं तरी काय आहे म्हणा! काही महिन्यांपूर्वी हेडफोन विकणाऱ्या एका क्लायंटसाठी मला 'पाहायलाच हव्यात अशा दहा कॉन्सर्ट फिल्म्स' अशी यादी इंग्रजीत लिहायची होती. नऊ नावं पटापट मिळाली, कारण ती सगळ्यांच्याच याद्यांमध्ये असतात. दहावं जरा वेगळं हवं म्हणून शोधत शोधत मी थेट अर्जेंटिनाला पोहोचले.

फिल्मचं नाव 'रॉक आस्ता के से पोंगा एल सोल'. 1973 सालची, दिग्दर्शक आनिबाल उसेत. मी नाव मोठ्याने वाचलं, तर डायनिंग टेबलावर मेथी निवडत बसलेली आई म्हणाली, "पोंगा?" लहानपणी आम्ही बोटांत घालून खायचो ते पोंगे तिला आठवले असणार.

"त्याचा अर्थ, सूर्य मावळेपर्यंत रॉक," मी भाषांतर पाहून सांगितलं.

"शहाणी पोरं दिसतायत," आई जरा मोठ्या आवाजात म्हणाली. "दिवेलागणीच्या आत घरी!"

हा आवाज माझ्यासाठी नव्हता. आतल्या खोलीत दार लावून बसलेल्या माझ्या धाकट्या भावासाठी होता.

आम्ही बडोद्याचे मराठी. गायकवाडांच्या काळात इकडे आलेल्या घराण्यांपैकी एक. घरात मराठी, गल्लीत गुजराती, मित्रांमध्ये हिंदी आणि शाळेत इंग्रजी, असं चार चुलींवर आमचं जेवण शिजतं. धाकटा यंदा कॉलेजात गेला. त्याचा चार जणांचा बँड आहे. एक गुजराती, एक मल्याळी, एक सिंधी आणि हा. एका कॅफेने त्यांना शनिवारी रात्री साडेनऊची वेळ दिली होती, पैसे नाहीत, फक्त सँडविच. तेवढ्यावरून घरात आठवडाभर धुमसत होतं. बाबांनी "अभ्यास बघ" म्हणून विषय संपवला होता. आईने "रात्री साडेनऊला सुरू होतं ते संपतं कधी?" एवढंच विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर त्याला देता आलं नव्हतं.

त्याचा हुकमी एक्का नवरात्र. "नऊ रात्री एक-एक वाजेपर्यंत गरबा चालतो, तेव्हा कोणी काही विचारतं का?"

"गरब्याला अख्खं गाव असतं," आई म्हणाली. "तुझ्या कॅफेत कोण असेल?"

यावर त्याने खोलीचं दार लावून घेतलं. आईचं म्हणणं खोडून काढायला मलाही काही सुचलं नाही. म्हणून मी फिल्म सुरू केली.

ब्युनोस आयर्समध्ये नोव्हेंबर 1972 मध्ये झालेल्या 'बी.ए. रॉक' नावाच्या महोत्सवाची ही फिल्म. 'पेलो' नावाचं तरुणांचं संगीत मासिक होतं, पेलो म्हणजे केस. त्याच्या संपादकाने, दानिएल रिपोलने, हा महोत्सव भरवला. तिसरं वर्ष होतं. जागा, आर्खेंटिनोस ज्युनियर्स या फुटबॉल क्लबचं मैदान. फुटबॉलवेड्या वाचकांसाठी सांगते, चारच वर्षांनी याच क्लबकडून पंधरा वर्षांचा मॅराडोना आपला पहिला सामना खेळला. त्या भागात नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याची चाहूल. लांब केसांची पोरंपोरी, आणि स्टेजवर जवळजवळ त्यांच्याच वयाचे गाणारे.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? लांब केस आणि गिटार तर त्या काळी जगभर होते. मलाही पहिली दहा मिनिटं तसंच वाटलं. मग लक्षात आलं की इथे कोणी इंग्रजी गातच नाहीये. एकही जण नाही.

तिथले लोक याला 'रोक नासिओनाल', म्हणजे आपलं राष्ट्रीय रॉक, म्हणतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडेही रॉक म्हणजे बाहेरून आलेला माल होता. बीटल्ससारखे केस कापायचे आणि बीटल्ससारखं इंग्रजीत गायचं, नाहीतर इंग्रजी गाण्यांची स्पॅनिशमध्ये भाषांतरं करून गायची. नवं गाणं स्पॅनिशमध्ये आपणच लिहायचं आणि तेही गंभीर, हे कोणाच्या फारसं मनात येत नव्हतं. रॉकला स्पॅनिश शोभत नाही, असं मानणारे लोक होते. 1967 मध्ये 'लोस गातोस', म्हणजे मांजरं, या बँडचं 'ला बाल्सा' नावाचं गाणं आलं. बाल्सा म्हणजे तराफा. गाणारा लिट्टो नेबिया तेव्हा अठरा वर्षांचा होता, रोसारिओ शहरातून राजधानीत नशीब काढायला आलेला. ते गाणं त्याने आणि तांगितो या मित्राने मिळून 'ला पेर्ला' नावाच्या कॅफेच्या बाथरूममध्ये रचलं, असं सांगतात. कॅफेत गाऊ देत नव्हते आणि बाथरूममध्ये आवाज घुमायचाही छान! त्या तराफ्याच्या लाखो प्रती खपल्या, आणि मग 'आल्मेंद्रा', 'मानाल', 'वोक्स देई' अशी एकामागून एक नावं आली. पाच वर्षांत एवढी, की एका मैदानात मावेनात. फिल्ममध्ये नेबिया आहे, आल्मेंद्रा मोडून नवा बँड काढलेला लुईस आल्बेर्तो स्पिनेता आहे. त्याच्या नव्या बँडचं नाव ऐकून मला हसू आलं: 'पेस्कादो राबिओसो', पिसाळलेला मासा.

आपल्याकडेही साधारण त्याच सुमारास बँड निघाले होते. सिगरेट कंपनीने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या 1970 आणि 1971 च्या रेकॉर्ड्स आजही शोधल्या तर ऐकायला मिळतात. मुंबई, मद्रास, कुठकुठली कॉलेजची पोरं, वाजवणं झकास, आणि भाषा जवळजवळ सगळीकडे इंग्रजी. मग कोलकात्यात गौतम चट्टोपाध्याय आणि त्याच्या मित्रांच्या 'मोहिनेर घोडागुली'ने बंगालीत गायला सुरुवात केली. त्यांची पहिली रेकॉर्ड 1977 ची. तेव्हा फार कोणी विचारलं नाही, आणि आज बंगाली पोरं त्यांना देव मानतात. आमच्या बँडचं मात्र अवघड आहे. चौघांच्या चार मातृभाषा. अर्जेंटिनातल्या पोरांना निदान 'आपली भाषा कोणती' यावर मतदान घ्यावं लागलं नव्हतं.

मधेच आई म्हणाली, "याला कोड आहे का गं?"

स्टेजवर दोन काटकुळी मुलं होती. 'सुई खेनेरिस' हा त्यांचा बँड; एक चार्ली गार्सिया, दुसरा नितो मेस्त्रे. चार्लीची मिशी अर्धी काळी, अर्धी पांढरी. लहानपणापासून कोड. पुढे ती दोन रंगांची मिशीच त्याची ओळख झाली. चित्रांतून, भिंतींवरून काढली जाऊ लागली. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. आमच्या नात्यात एक मुलगी आहे, कोड आहे म्हणून फोटोत नेहमी मागच्या रांगेत उभी राहते. आई तिच्याबद्दल काही बोलली नाही, पण मेथी तशीच हातात राहिली.

"काय गातोय तो?"

आपोआप येणाऱ्या सबटायटल्सच्या भरवशावर मी सांगितलं, "माझ्या मरणासाठी गाणं."

"अगो बाई! वय काय याचं?"

एकवीस. हे गाणं त्याने सक्तीच्या लष्करी नोकरीत असताना लिहिलं होतं. बराकीत त्याचा जीव रमत नव्हता; तिथून सुटका व्हावी म्हणून त्याने नाना खटपटी केल्या. गाण्याची चाल मात्र इतकी गोड आहे की अर्थ कळला नाही तर अंगाई वाटावी.

त्यानंतर आई फिल्म वेगळ्याच पद्धतीने बघू लागली. मी गाणाऱ्यांकडे बघत होते, ती प्रेक्षकांकडे. "ही बघ, हिने पायात काही घातलेलं नाही." "हा जेवलेला दिसत नाही." "एवढी पोरं, रात्री घरी कशी गेली असतील?" आणि मग, "यांच्या आयांना ठाऊक होतं का, ही इथे आहेत ते?"

मी हसणार होते. पण सवयीने दुसऱ्या टॅबमध्ये त्या सालांची माहिती उघडलेली होती, आणि माझं हसू राहून गेलं.

1972 साली अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. लांब केसांच्या मुलांना रस्त्यात अडवायचं, चौकशीच्या नावाखाली रात्रभर चौकीत बसवायचं, कधी केसच कापून सोडायचं, हे नेहमीचं होतं. महोत्सवाच्या थोडं आधी, त्याच ऑक्टोबरमध्ये, लूना पार्क या बंदिस्त स्टेडियममध्ये एका रॉक कार्यक्रमात पोलीस आणि प्रेक्षकांची जुंपली आणि खुर्च्यांची मोडतोड झाली. म्हणजे नोव्हेंबरमध्ये पोरं मैदानावर निघाली तेव्हा घरोघरी आमच्यासारखीच भांडणं झाली असणार. शिवाय हवेत आशाही होती. त्याच नोव्हेंबरमध्ये, 17 तारखेला, हुआन पेरोन सतरा वर्षांच्या विजनवासानंतर देशात परतला. पुढच्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या. पण 24 मार्च 1976 ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, आणि यावेळी लोक चौकीतून सकाळी परत येईनात. घरातून, कामावरून, रस्त्यावरून माणसं उचलली जायची आणि त्यांचा पत्ताच लागायचा नाही. नंतर नेमलेल्या सरकारी आयोगाने अशी 8,961 प्रकरणं नोंदवली; मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना 30,000 हा आकडा सांगतात. बहुतेक तरुण. मैदानात अठरा-वीस वर्षांची असलेली पोरं तेव्हा बावीस-चोवीसची होती.

आईला हे सगळं सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. सांगितलं. मग त्या आयांचंही सांगितलं. 30 एप्रिल 1977 ला चौदा बायका राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लासा दे मायो चौकात जमल्या, आमची मुलं कुठे आहेत हे विचारायला. जमावाने उभं राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. तर त्या चालत राहिल्या, चौकाच्या मधोमध असलेल्या स्तंभाभोवती, गोल गोल. पुढे एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं. सुरुवातीला ती बाळांची जुनी लंगोटं होती. दर गुरुवारी त्या तिथे जमू लागल्या आणि ती प्रथा अजून चालू आहे.

"लंगोटं जपून ठेवली होती म्हणजे," आई म्हणाली.

एवढंच. ती उठून भाजी धुवायला गेली. आमच्याही माळ्यावरच्या ट्रंकेत धाकट्याची दुपटी आहेत, मला माहीत आहे. कशाला हवीत म्हणून मी तिला दोनदा टोकलं होतं.

रात्री मी ती फिल्म घेऊन धाकट्याच्या खोलीत गेले. त्याला फक्त पाच मिनिटं बघ म्हटलं आणि 'आर्को इरिस', म्हणजे इंद्रधनुष्य, या बँडशी थांबवलं. "हा मुलगा बघ. गुस्तावो सान्ताओलाया. तू रात्र रात्र तो 'द लास्ट ऑफ अस' गेम खेळतोस ना, त्याचं संगीत याचं." तो ताडकन उठून बसला. सान्ताओलायाला पुढे पार्श्वसंगीतासाठी लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर मिळालं, 'ब्रोकबॅक माउंटन' आणि 'बाबेल'साठी. पण फिल्ममधला तो एकवीस वर्षांचा आहे आणि त्याच्या बँडने रॉकमध्ये आपल्या गावाकडची लोकगीतांची चाल मिसळून टाकली आहे. "म्हणजे आपण गरबा घालायचा का?" धाकट्याने विचारलं. थट्टेनेच, पण विचारलं.

आणि मग मला माझीच एक चूक आठवली.

त्याच्या गाण्यांचं इंग्रजी मी तपासते. बी.ए. इंग्लिश केलेली ताई घरात असल्याचा तेवढा तरी उपयोग. महिन्यापूर्वी त्याने एक गाणं पाठवलं होतं. त्याचा जिवलग मित्र शिकायला कॅनडाला गेला. आमच्या बडोद्यात आता दर दुसऱ्या घरातून एक मूल कॅनडाला गेलेलं असतं. ही दोघं दहा वर्षं रोज संध्याकाळी आमच्या ओटल्यावर बसायची. ओटला म्हणजे घरापुढचा ओटा. आम्ही बडोद्याचे मराठीही गुजरात्यांसारखं ओटलाच म्हणतो. गाणं इंग्रजीत होतं, पण त्यात हा शब्द तसाच होता, चार वेळा. मी चारही ठिकाणी तो खोडून 'पोर्च' केला आणि बाजूला शेरा लिहिला: इंग्रजी वाचकाला कळणार नाही. जसं क्लायंटच्या कामात लिहिते तसं. त्याने काही न बोलता चारही बदल मान्य केले.

बडोद्याच्या कॅफेत कोणता इंग्रजी वाचक बसणार होता, देव जाणे. आमच्या गल्लीत पोर्च एकाही घराला नाही.

"ते ओटला परत घाल," मी म्हटलं.

"तूच काढलास."

"हो. घाल परत."

त्याने माझ्याकडे थोडं संशयाने बघितलं. "लोक हसतील, ताई."

"हसू देत."

खरं सांगायचं तर याची खात्री मलाही नव्हती. तिकडे अठरा वर्षांचा नेबिया कॅफेच्या बाथरूममध्ये गात होता तेव्हा त्यालाही ती असेल असं वाटत नाही. 1982 मध्ये माल्विनास बेटांवरून इंग्लंडशी युद्ध पेटलं, तेव्हा अर्जेंटिनातल्या रेडिओवरून इंग्रजी गाणी हटवली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्पॅनिश रॉक दिवसभर वाजू लागलं. ज्या पोरांना पोलीस पकडत होते त्यांचीच गाणी आता सरकारला चालू लागली! पण ही पंधरा वर्षांनंतरची गोष्ट. मैदानात बसलेल्यांनी असा काही हिशोब केलेला नव्हता.

शनिवारी आईने अट घातली: जायचं, पण मी आणि ताई येणार. धाकट्याचा चेहरा पडला, पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबा म्हणाले, मला रात्री झोप लागते.

कॅफेत जेमतेम तीस माणसं होती. आईने चहा मागितला, त्यांनी सात प्रकारची कॉफी दाखवली, ती पाणी पीत बसली. पहिली दोन गाणी तिने पर्स मांडीवर घट्ट धरून ऐकली. आवाज फार होता आणि ड्रमवाल्या मल्याळी मुलाचा घाम बघून ती मला दोनदा म्हणाली, त्याला पाणी नेऊन दे. तिसऱ्या गाण्याआधी धाकट्याने समोरच्या खुर्चीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला. व्हिडिओ कॉलवर तो मित्र. तिकडे दुपार होती, तो कुठल्याशा दुकानाच्या मागच्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये बसला होता, डोक्यावर कामाची टोपी.

गाणं सुरू झालं. पहिल्यांदा ओटला आला तेव्हा मागच्या टेबलावर कोणीतरी खरंच फिस्सकन हसलं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम कपाकडे बघितलं. दुसऱ्या वेळी तेच टेबल गप्प होतं. चौथ्या वेळी त्यांच्यातला एक जण 'ओटलो' असं पक्क्या गुजराती वळणाने त्याच्याबरोबर म्हणाला. बाकी सगळं गाणं, माझं तपासून दिलेलं इंग्रजी, कोणाच्या लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही.

गाणं संपल्यावर आई उठून त्या खुर्चीपाशी गेली. फोनवरच्या मुलाचे डोळे लाल होते. ती वाकून मोठ्याने म्हणाली, कारण कॅनडा लांब आहे, "जेवलास का रे?"

परत येताना ती स्कूटरवर माझ्या मागे काही बोलली नाही. घरी पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. झोप लागणारे बाबा दिवाणखान्यात सकाळचा पेपर वाचत होते. आईने कॅफेतून निघतानाच चौघांनाही बजावलं होतं, पोचलात की मला मेसेज करायचा, ग्रुपवर नाही, मला. सिंधी मुलाचा साडेअकराला आला. ड्रमवाल्याचा त्यानंतर. गुजराती मुलाचं घर लांब, वाघोडिया रोडकडे. आई ओटल्यावर फोन घेऊन बसून राहिली. धाकटा तिच्या शेजारी, गिटार अजून खांद्यालाच.

क्लायंटने माझ्या यादीतली दहावी फिल्म काढून टाकली. कोणाला माहीत नाही म्हणे. तिच्या जागी दुसरी एक आली, जी सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इथे लिहिलं.

बारा दहाला तिसरा मेसेज आला. आईने तो दोनदा वाचला, मग उठून ओटल्यावरचा दिवा मालवला.